हिरक गाभा वेधन

हिरक गाभा वेधन : टोकाशी हिरे बसविलेले पोकळ बिट वेगाने फिरवून खडकात वलयाकार खाच पाडीत जाणे आणि त्या खाचेच्या मधोमध सुटा झालेला खडकाचा दंडगोल शक्य तितक्या अखंड स्वरूपात वर काढणे, या क्रियेस हिरक गाभा वेधन म्हणतात. या दंडगोलास गाभा म्हणतात. वेधन करणाऱ्यांच्या बोलीत ‘कोअर’ हाच शब्द रूढ आहे. खनिजांचे पूर्वेक्षण, धरणे, पूल व बोगदे यांच्या पायाची तपासणी आणि भूकवचाचे शास्त्रीय संशोधन यांसाठी ही पद्धत वापरतात.

विदर्भातील गावोगावी पाण्यासाठी घेण्यात येणारी बोअर आणि गाभा वेधन यांत मूलभूत फरक आहे. बोअरच्या यंत्रात दाबलेल्या हवेवर चालणारा हातोडा छिद्राच्या तळाशी खडकाचा चुरा करतो व हवा तो चुरा वर फेकते. छिद्र काही तासांत पुरे होते. मात्र खालच्या खडकाविषयी मिळणारा पुरावा म्हणजे केवळ ती भुकटी. थराची नेमकी जाडी, त्याचा उतार, त्यातील भेगा व अशुद्ध पट्टे यांची माहिती भुकटीवरून मिळत नाही. ती गाभाच देतो. म्हणून गाभा वेधन मंद व खर्चाचे असूनही त्याला पर्याय नाही, आणि म्हणूनच त्याचा खर्च कमी करण्याच्या प्रयत्नांना महत्त्व आहे. या प्रयत्नांचा मोठा भाग बिटाचे आयुष्य वाढविण्याशी निगडित आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण व पूर्व भागात एकाच छिद्रात अगदी भिन्न स्वभावाचे खडक एकाखाली एक लागत असल्याने या प्रश्नाच्या सर्व बाजू तेथे पहावयास मिळतात.

इतिहास : खडक कापण्यासाठी हिऱ्यांचे वलय फिरविण्याची कल्पना जिनीव्हा येथील घड्याळतज्ञ जॉर्ज ऑग्यूस्त लेशो यांची. त्यांचे पुत्र रॉडॉल्फ यांनी १८६३ मध्ये त्याचे एकस्व (पेटंट) मिळविले. सुरुवातीच्या बिटांत ब्राझीलमधून येणारे कार्बोनाडो जातीचे काळे हिरे पोलादी वलयात हाताने एकेक करून ठोकून बसवीत. हे काम कसबी कारागिराचेच असे व एक हिरा निखळला तरी तो छिद्राच्या तळाशी राहून बाकीच्यांचा चुराडा करी. १९३०–४० च्या दशकात साच्यात धातूची पूड ओतून व तापवून हिरे पक्के करण्याची रीत आली. त्यामुळे रत्न म्हणून निरुपयोगी असलेले ‘बोर्ट’ जातीचे बारीक हिरे वापरता येऊ लागले व कार्बोनाडो मागे पडला. १९५४ च्या अखेरीस अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरे तयार झाले. पुढे त्यांचा आकार व कणखरपणा हवा तसा राखता येऊ लागल्यावर बिटांच्या निर्मितीत त्यांनी नैसर्गिक हिऱ्यांची जागा बऱ्याच प्रमाणात घेतली. दरम्यान १९५८ मध्ये लाँगइयर कंपनीने तारदोराने गाभा वर ओढण्याची ‘वायरलाइन’ पद्धत प्रचारात आणली. बिटाच्या दीर्घायुष्याला आज जी किंमत आहे ती या पद्धतीमुळे आली.

महाराष्ट्रात कोळसा व इतर खनिजांच्या शोधासाठी असे वेधन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था, राज्याचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय, १९७२ मध्ये नागपूर येथे मुख्यालय असलेले खनिज समन्वेषण महामंडळ व केंद्रीय खाण नियोजन व अभिकल्प संस्थेचे नागपूर येथील विभागीय कार्यालय यांनी केलेले आहे. निव्वळ शास्त्रीय कारणासाठीही राज्यात गाभा छिद्रे घेण्यात आली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी (जि. लातूर) येथे घेतलेल्या ६१७ मी. खोल छिद्रात बेसाल्टाची जाडी ३३८ मी. भरली. कोयना परिसरातील पहिल्या संशोधन छिद्रात ती ९३२ मी.हून अधिक निघाली. बेसाल्टाच्या तळाचा असा स्पर्श झालेला पुरावा गाभ्याखेरीज अन्य मार्गाने मिळाला नसता.

साधने : यंत्राचे मुख्य भाग म्हणजे फिरविणारे शीर्ष, एकमेकांस आट्यांनी जोडलेले पोकळ पोलादी रॉड, गाभा साठविणारी नळी (कोअर बॅरल), तिच्या टोकाचे बिट, बिटाच्या लगेच वर असणारे व छिद्राचा व्यास राखणारे हिरेजडित कडे (रीमिंग शेल) आणि पाणी दाबाने सोडणारा पंप. पाणी रॉडच्या पोकळीतून खाली जाते, बिटाच्या तोंडाशी खाचांतून बाहेर पडते व खडकाचा चुरा घेऊन रॉड आणि छिद्राची भिंत यांमधील फटीतून वर येते.

गाभा नळी दुहेरी असते. बाहेरची बिटासह फिरते, तर आतली स्थिर राहून गाभा हळुवार स्वीकारते. जुन्या पद्धतीत ३ मी. लांबीची नळी भरली की सर्व रॉड एकेक करून उपसावे लागत व गाभा काढून पुन्हा तितकेच खाली सोडावे लागत. ३०० मी. खोलीवर ३ मी. लांबीचे १०० रॉड असतात. म्हणजे दर ३ मी. प्रगतीसाठी १०० आटे सोडणे व १०० आटे आवळणे. वायरलाइन पद्धतीत रॉड जागीच राहतात, तारदोराला बांधलेली पकड आत सोडतात व ती केवळ आतली नळी उचलून आणते. रॉड उपसण्याची वेळ फक्त बिट बदलताना येते. या सोयीची किंमतही आहे. ७५·७ मिमी. व्यासाच्या छिद्रात जुन्या एनएक्स मापाचा गाभा ५४·७ मिमी. मिळतो, तर वायरलाइनच्या एनक्यू मापात आतली नळी ओढून घेण्यास जागा ठेवावी लागत असल्याने तो ४७·६ मिमी. मिळतो. कापावयाच्या वलयाचे क्षेत्रफळ २१·५ चौ. सेंमी.वरून २७·२ चौ. सेंमी. होते, म्हणजे त्याच छिद्रासाठी बिटाला सु. सव्वापट खडक कापावा लागतो.

बिटाची रचना : हिरेजडित बिटे दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात मुकुटाच्या (क्राउनच्या) पृष्ठभागावर हिऱ्यांचा एकच थर असतो. हिऱ्यांचा आकार ‘एका कॅरटला किती नग’ या मापाने सांगतात (१ कॅरट = ०·२ ग्रॅ.). मऊ खडकासाठी एका कॅरटला दहा-वीस असे मोठे, तर कठीण व बारीक कणांच्या खडकासाठी साठ-ऐंशी असे बारीक हिरे घेतात. हा थर बोथट झाला की बिटाचे काम संपते. दुसऱ्या प्रकारात अर्धा-पाऊण मिलिमीटर किंवा त्याहून बारीक हिरे धातूच्या आधारद्रव्यात (मॅट्रिक्समध्ये) खोलवर मिसळलेले असतात. वरचे हिरे झिजून गळतात, आधारद्रव्यही झिजते व खालचे नवे, धारदार हिरे उघडे पडतात. असे बिट शेवटपर्यंत स्वतःला धार लावीत राहते. याला भरित बिट (इम्प्रेग्नेटेड बिट) म्हणतात. कठीण खडकात आज मुख्यत्वे हाच प्रकार वापरात आहे.

आधारद्रव्य टंगस्टन कार्बाइड व इतर धातूंच्या पुडींचे असते. ग्रॅफाइटाच्या साच्यात ही पूड व हिरे भरून त्यांवर तांब्याच्या मिश्रधातूचे तुकडे ठेवतात व साचा सु. १,०००° से. वा त्याहून अधिक तापवितात. वितळलेला मिश्रधातू पुडीच्या कणांमध्ये झिरपतो आणि थंड होताना सर्व काही पोलादी बुडख्याशी एकजीव होते. तापमान व वेळ यांची मर्यादा कटाक्षाने पाळावी लागते, कारण अति तापलेला हिरा भट्टीतच आपले बळ गमावतो. हिऱ्यांचे प्रमाण ‘संहती’ने दर्शवितात. १०० संहती म्हणजे दर घन सेंमी.मध्ये ४·४ कॅरट, म्हणजे घनफळाच्या एक-चतुर्थांश हिरे. एनक्यू मापाच्या १० मिमी. उंच मुकुटात पाण्याच्या खाचा वगळता सु. २० घ. सेंमी. आधारद्रव्य असते व ५० ते ७५ संहती धरल्यास त्यात सु. ४५ ते ६५ कॅरट, म्हणजे ९ ते १३ ग्रॅ. हिरे मावतात. एवढ्या हिऱ्यांनी बेसाल्टाच्या प्रत्येक मीटरमागे सु. ८ किग्रॅ. खडक दळावयाचा असतो.

बिट अधिक टिकावे यासाठी हिरे वाढवावेत किंवा आधारद्रव्य अधिक कठीण करावे, असे प्रथमदर्शनी वाटते. बिट खरेदी करणाऱ्या कार्यालयांतही हा समज आढळतो. परंतु तो अपुरा आहे. हिरे वाढविले की बिटावरील भार अधिक टोकांवर वाटला जातो. प्रत्येक हिऱ्याच्या वाट्याला कमी भार येऊन तो खडकात रुतत नाही व घासून गुळगुळीत होतो. आधारद्रव्याच्या बाबतीत नियम उलटाच आहे. कठीण, घट्ट व बारीक कणांच्या खडकाचा चुरा अतिशय सूक्ष्म असतो आणि तो आधारद्रव्याला फारसा झिजवीत नाही. अशा खडकासाठी मऊ आधारद्रव्य लागते, म्हणजे ते वेळेवर झिजून नवे हिरे पुढे येतात. याउलट भुसभुशीत व रेताड खडक कापण्यास सोपा असला तरी त्याची रेती अपघर्षक असते. ती आधारद्रव्य खरवडून हिरे कामी येण्याआधीच निखळविते. म्हणून तेथे कठीण, झीजरोधक आधारद्रव्य घ्यावे लागते. कठीण खडकाला मऊ व मऊ रेताड खडकाला कठीण आधारद्रव्य, हे सूत्र कारागिरांना पाठ असते. पण एकाच छिद्रात दोन्ही खडक लागले की अडचण उभी राहते.

यवतमाळ जिल्ह्यातील खडक व बिटांची निवड : जिल्ह्याचा बहुतेक भाग दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टाने व्यापलेला आहे. वणी, मारेगाव व झरी जामणी या तालुक्यांत मात्र बेसाल्टाखालचे जुने खडक उघडे पडतात. वर्धा नदीच्या बाजूस गोंडवनी संघाचे कोळसायुक्त खडक आणि पैनगंगेच्या बाजूस त्याहून पुष्कळ प्राचीन असे पैनगंगा मालेचे चुनखडक व शेल आहेत. हा प्रदेश वर्धा खोरे कोळसाक्षेत्राचा भाग असून त्यावरील टी. डब्ल्यू. एच. ह्यूझ यांचा अहवाल १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. उकणी, निलजई, मुंगोली, कोलारपिंपरी इ. खाणी याच पट्ट्यातील आहेत. मुकुटबन (ता. झरी जामणी) येथे २०२२ मध्ये सिमेंट कारखाना सुरू झाला. तो याच भागातील चुनखडकावर अवलंबून आहे. वणीच्या पश्चिमेस गोंडवनी खडक बेसाल्टाच्या आवरणाखाली जातात. ते तेथे आहेत की झिजून गेले आहेत, व असल्यास कोळशाचा थर किती खोल व किती जाड आहे, हे ठरविण्यासाठी आधी बेसाल्ट भेदावा लागतो.

अशा छिद्राचा प्रारंभ काळ्या कापसाच्या जमिनीत होतो. ही माती ओली होताच फुगते व छिद्र आवळते. त्यामुळे पक्का खडक लागेपर्यंत पोलादी नळ (केसिंग) बसवितात. त्याखालचा घन बेसाल्ट कठीण व बारीक कणांचा असतो व त्यास मऊ ते मध्यम आधारद्रव्याचे भरित बिट मानवते. पण लाव्हाचा एक प्रवाह सर्वत्र सारखा नसतो. त्याच्या वरच्या भागातील कुहरी बेसाल्टात पोकळ्या झिओलाइट, कॅल्साइट व गारगोटीच्या जातीच्या कॅल्सेडोनीने भरलेल्या असतात. झिओलाइट सहज फुटते, तर कॅल्सेडोनी बेसाल्टाहून कितीतरी कठीण. बिटाच्या एका बाजूखाली मऊ व दुसऱ्या बाजूखाली कठीण पदार्थ आल्याने ते थरथरते आणि मोठे हिरे बसविलेले पृष्ठस्तरी बिट असल्यास त्यातील हिरे तडकतात. दोन प्रवाहांमधील लाल बोलचा चिकणमातीसारखा थर बिटाच्या पाण्याच्या खाचा लिंपून टाकतो. याची चाहूल पंपाच्या दाबमापकावर लागते. काटा एकाएकी चढला व वेधकाने भार कमी केला नाही, तर मिनिटा-दोन मिनिटांत बिट जळते.

बेसाल्टाखाली काही ठिकाणी लामेटा मालेचे चुनामय, कोठेकोठे चर्टयुक्त थर लागतात व नंतर कामठी मालेचे वालुकाश्म येतात. बिटाच्या दृष्टीने या भागातील सर्वांत खर्चिक खडक हा होय. तो हाताने चुरगळावा इतका ठिसूळ असू शकतो. मात्र त्यातील क्वॉर्ट्‌झाचे भरड कण बिटाच्या मुकुटाबरोबरच त्याच्या आतल्या व बाहेरच्या कडा खातात. बाहेरची कड झिजली की छिद्र निमुळते होते आणि त्यानंतर सोडलेल्या नव्या बिटाला आधी ते रुंद करीत जावे लागते. म्हणजे तळ गाठण्यापूर्वीच त्याचे काही आयुष्य संपते. अधूनमधून लागणारे लोहयुक्त घट्ट पट्टे वेग एकदम कमी करतात. बेसाल्टासाठी निवडलेले मऊ बिट तसेच पुढे चालविल्यास या वालुकाश्मात त्याचा मुकुट पाहता पाहता संपतो, तर येथे टिकणारे कठीण बिट वरच्या बेसाल्टात चकाकून स्वस्थ बसते. म्हणून खडक बदलल्याची खूण गाभ्यात दिसताच, जुने बिट अर्धे शिल्लक असले तरी, ते काढणे बहुधा परवडते. काढलेले बिट पुढच्या छिद्रात बेसाल्टासाठीच राखून ठेवतात.

कामठीखालील बाराकर मालेत वालुकाश्म, शेल व कोळसा यांचे थर आहेत. वर्धा खोऱ्यात कोळशाचा एक जाड संयुक्त थर हे तिचे वैशिष्ट्य असून काही भागांत त्याचे फाटे पडलेले आढळतात. कोळसा व मऊ शेल यांना हिऱ्याची गरज नसते. टंगस्टन कार्बाइडाचे तुकडे किंवा बहुस्फटिकी कृत्रिम हिऱ्याच्या चकत्या बसविलेली बिटे येथे जलद चालतात व गाभाही कमी हादरवितात. या मालेखाली तालचीर माला आहे. ती हिमनद्यांनी आणून टाकलेल्या गाळाची असून तीत बारीक मातकट खडकात ग्रॅनाइट, क्वॉर्ट्‌झाइट इ.चे गोटे रुतलेले असतात. चंद्रपूरजवळ इरई येथे पैनगंगा मालेच्या चुनखडकावर या हिमनद्यांनी पाडलेले ओरखडे एफ्. फेडन यांनी १८७५ मध्ये वर्णिले होते. वेधकाला या निसर्गचमत्काराचे कौतुक कमीच, कारण सुटा गोटा बिटाखाली कापला न जाता गरगर फिरतो व मुकुटाच्या पाकळ्या तोडतो. कोळशाच्या पूर्वेक्षणात सामान्यतः तालचीर मालेत थोडे उतरून छिद्र थांबवितात.

पैनगंगा मालेतील चुनखडक त्या मानाने सौम्य आहे. तो एकसंध असेल तेथे पृष्ठस्तरी बिट चांगला वेग देते. त्यात सिलिकेचे किंवा चर्टाचे पट्टे असले की मात्र भरित बिटाकडे वळावे लागते. सिमेंटसाठी अशा पट्ट्यांची नोंद महत्त्वाची असल्याने ते गाभ्यात तुटून हरवू न देण्याची काळजी घेतात.

वेग, भार व पाणी : चांगले बिट हाती असूनही त्याचे आयुष्य वेधकाच्या हातात असते. भरित बिटाची कड सेकंदास सु. ३ ते ५ मी. वेगाने फिरावी अशी अपेक्षा असते. एनक्यू बिटाचा परिघ सु. २३·८ सेंमी. असल्याने मिनिटास ८०० फेऱ्यांना हा वेग ३·२ मी. भरतो. याहून उपयोगी मोजमाप म्हणजे एक सेंमी. खोलीस लागणाऱ्या फेऱ्या. भरित बिटासाठी ही संख्या सु. ८० ते १०० असावी. मिनिटास ८०० फेऱ्या असताना प्रगती मिनिटास ८ ते १० सेंमी. झाली, तर बिट योग्य तऱ्हेने झिजत आहे असे समजावे. प्रगती यापेक्षा फार अधिक झाल्यास प्रत्येक हिऱ्यावर ताण पडून आधारद्रव्य झपाट्याने जाते. फार कमी झाल्यास हिरे गुळगुळीत होऊन बिट खडकावर नुसते घसरू लागते. अशा वेळी भार थोडा वाढविणे किंवा फेऱ्या कमी करणे हा पहिला उपाय. तो न चालल्यास पाणी क्षणभर कमी करून किंवा थोडी भरड वाळू सोडून आधारद्रव्य खरवडले जाते. याला बिटाला धार काढणे म्हणतात. पाणी कमी करण्याची युक्ती अनुभवी माणसाच्याच हाती सुरक्षित असते. नवख्याच्या हाती बिट तळाशी वितळून चिकटते व कधीकधी छिद्रच सोडून द्यावे लागते.

पाण्याचे काम बिट थंड ठेवणे व चुरा वाहून नेणे असे दुहेरी आहे. हिरा हा सर्वांत कठीण पदार्थ असला तरी हवेत सु. ७००° ते ८००° से.ला त्याचे ऑक्सिडीभवन होऊ लागते. पाणी तुटल्यास घर्षणाने बिटाच्या तोंडाशी धोक्याचे तापमान लवकर गाठले जाते. एनक्यू रॉडचा बाहेरील व्यास ६९·९ मिमी. असल्याने रॉड व भिंत यांमधील फट सु. ६·६ चौ. सेंमी.ची असते. मिनिटास २० लि. पाणी सोडल्यास ते या फटीतून सेकंदास सु. अर्धा मी. वेगाने वर येते व बेसाल्टाचा बारीक चुरा सहज उचलते. म्हणजे पाणी परत न वापरल्यास तासाला १,२०० लि. खर्ची पडते. यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जेथे उन्हाळ्यात तापमान ४५° से.पर्यंत चढते व अनेक गावांना पिण्याचे पाणीच टँकरने पुरवावे लागते, तेथे एवढे पाणी वाहू देणे योग्य नाही व परवडणारेही नाही. म्हणून छिद्राजवळ एकापुढे एक खड्डे खणून त्यांत चुरा बसू देतात व वरचे निवळ पाणी पुन्हा पंपात घेतात. खड्डे अपुरे किंवा न उपसलेले असले तर वालुकाश्माची रेती पाण्याबरोबर परत खाली जाते आणि बिटाला आतून खाते. पुष्कळदा वाईट बिट म्हणून ज्याची तक्रार होते त्याचे मूळ या खड्ड्यांत सापडते. भेगाळ बेसाल्टात पाणी परत न येता खडकातच मुरते. अशा ठिकाणी बेंटोनाइट किंवा बहुवारिक (पॉलिमर) मिसळून द्रव दाट करतात, अथवा भेगा सिमेंटने बुजवून पुढे जातात. पाण्यात विरघळणारे तेल घातल्यास रॉडची थरथर कमी होते व बिटाचे आयुष्य वाढते; मात्र आसपासच्या विहिरी व नाले लक्षात घेऊन अशा द्रव्यांची निवड करावी लागते.

खर्चाचे गणित : बिटाचे मोल त्याच्या किंमतीवर किंवा त्याने कापलेल्या मीटरांवर स्वतंत्रपणे ठरत नाही. बिटाची किंमत अधिक वेधनाला व रॉड उपसण्या-सोडण्याला लागलेल्या तासांचा खर्च, या बेरजेला बिटाने कापलेल्या मीटरांनी भागले म्हणजे दर मीटरचा खर्च मिळतो. उदाहरणादाखल यंत्र, माणसे व इंधन यांचा तासाचा खर्च १ एकक, ३०० मी. खोलीवर रॉड उपसून पुन्हा सोडण्याचा वेळ ४ तास आणि गाभा काढण्यासह वेग तासाला ३ मी. धरू. २० एकके किंमतीचे बिट ६० मी. चालले, तर २० तास वेधन व ४ तास फेरी मिळून दर मीटरला ०·७३ एकक खर्च येतो. २४ एकके किंमतीचे बिट त्याच वेगाने १०० मी. चालले, तर तो ०·६१ वर येतो. परंतु हे १०० मी. तासाला दीड मी. वेगाने मिळाले, तर खर्च ०·९५ होतो. म्हणजे अधिक टिकलेले बिट अधिक महाग पडते. वेग न गमावता वाढलेले आयुष्य तेवढेच लाभाचे असते.

हेच गणित जुन्या पद्धतीला लावल्यास दर ३ मी.ला रॉड उपसावेच लागत असल्याने ६० मी.साठी २० फेऱ्यांचे ८० तास जमेस धरावे लागतात व खर्च २ एककांवर जातो, १०० मी. टिकणारे बिटही तो १·९ च्या खाली नेत नाही. दीर्घायुषी बिटाचा फायदा वायरलाइनमुळेच पदरात पडतो तो असा. शिवाय प्रत्येक फेरीत ठिसूळ कामठी वालुकाश्माची भिंत ढासळण्याचा संभव असतो आणि तो या आकड्यांत धरलेला नाही. अलीकडे मुकुटाची उंची वाढवून आयुष्य वाढविण्याकडे उत्पादकांचा कल आहे. पूर्वीच्या दहा मिलिमीटरच्या आतील मुकुटांऐवजी आता १६ व २५ मिमी. उंचीचे मुकुटही मिळतात. उंच मुकुटातील खोल खाचांमुळे त्याच्या पाकळ्या कमजोर होतात. यावर उपाय म्हणून पाण्याच्या वाटा निरनिराळ्या उंचीवर खिडक्यांसारख्या ठेवतात व झीज होत जाईल तशा त्या एकामागून एक उघडतात.

गाभ्याची उपलब्धी : वेग व बिटाचे आयुष्य यांच्या हिशेबात गाभा हरवला, तर सारे वेधन व्यर्थ होते. छिद्राच्या लांबीच्या किती टक्के गाभा मिळाला याला उपलब्धी म्हणतात. घन बेसाल्टात ती शंभर टक्क्यांच्या जवळ असते; प्रश्न कोळशात येतो. कोळशातील चकाकणारे, कमी राखेचे पट्टे ठिसूळ असल्याने प्रथम तेच चुरा होऊन पाण्याबरोबर वाहून जातात. उरलेल्या गाभ्याचे पृथक्करण केल्यास थरात राख आहे त्याहून अधिक दिसते व चांगला थर हलका ठरतो. उलट थरातील मऊ चिकणमातीचे पट्टे विरघळून गेल्यास निकृष्ट थर चांगला भासतो. अशा अहवालावरून खाणीची आखणी होते, शेतजमिनी संपादित होतात आणि गावेही हलतात; त्यामुळे मीटरभर हरवलेल्या गाभ्याचे परिणाम वेधनाच्या तळावरच संपत नाहीत. कोळशाचा थर जवळ आल्यावर फेऱ्या व पाणी कमी करणे, आत तिसरी दुभंगणारी नळी घालणे, एका खेपेची लांबी आखडणे आणि छिद्रात भूभौतिकीय उपकरणे सोडून थराची जाडी ताडून पाहणे, ही खबरदारी घेतात. येथे वेगाचा मोह सोडावाच लागतो.

झिजलेल्या बिटांचे परीक्षण : काढलेल्या बिटाचे तोंड वाचता येते. हिरे किंचित वर आलेले व प्रत्येकामागे आधारद्रव्याची शेपटी असेल, तर निवड व चालविणे दोन्ही योग्य. तोंड काचेसारखे गुळगुळीत असल्यास आधारद्रव्य खडकाच्या मानाने कठीण आहे किंवा भार अपुरा पडला. हिरे अर्धे उघडे पडून निखळलेले असल्यास आधारद्रव्य मऊ आहे किंवा फेऱ्यांच्या मानाने भार अधिक झाला. तोंडावर वलयाकार खोबण पडली असेल, तर तळाशी हिऱ्याचा वा धातूचा तुकडा राहिला आहे व नवे बिट सोडण्यापूर्वी तो काढलाच पाहिजे. निळसर-काळी छटा व मिटलेल्या खाचा म्हणजे पाणी तुटले होते. आतल्या व्यासाची झीज गाभा जाड झाल्याने कळते. बाहेरच्या व्यासाची नोंद मापकड्याने दर खेपेस घेतात. एकाच मापाची अनेक बिटे असल्यास सर्वांत मोठ्या बाह्य व्यासाचे आधी व लहानाचे नंतर, अशा क्रमाने ती सोडतात; त्यामुळे नव्या बिटाला छिद्र रुंद करण्यात झिजावे लागत नाही.

पृष्ठस्तरी बिटातील न झिजलेले हिरे आधारद्रव्य रासायनिक विद्रावात विरघळवून परत मिळवितात व निवडून पुन्हा वापरतात. भरित बिटाच्या बाबतीत यातून हाती फारसे काही लागत नाही. मुकुट पूर्ण झिजेपर्यंत चालविलेल्या अशा बिटाचा पोलादी बुडखा भंगारात जातो.